बांध काढायला कुणाचीच हरकत नव्हती

टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या रोपाची पानं फांदीच्या खालच्या अर्ध्या भागात समोरासमोर होती आणि वरच्या अर्ध्या भागात एकाआड एक. रुचिरा परबने ती फांदी दोन बोटांत धरून पुन्हा पाहिली. झाडाने पानं मांडायची एक रीत धरली की सहसा ते ती सोडत नाही. या रोपाने मात्र दोन्ही पक्षांना खूश ठेवलं होतं. पानांवर दवाचे थेंबसुद्धा होते, गोंदाचे.

हॉल अंधेरी पूर्वेच्या एका हॉटेलात होता, विमानतळाला इतका खेटून की डोक्यावरून विमान गेलं की पडद्यावरचा 'विश्वास' हा शब्द थरथरायचा. त्याखाली लिहिलं होतं, 'नैसर्गिक संसाधन क्षेत्रातील अधिकाऱ्यांसाठी नेतृत्व आणि सहकार्य प्रशिक्षण'. जंगल, पाणी आणि मासे सांभाळणारी वीसेक माणसं गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून, खिडकी नसलेल्या खोलीत दोन दिवसांसाठी आणून बसवली होती. एसी असा लावला होता की खाडीत कमरेएवढ्या चिखलात उभी राहणारी माणसं शाल मागत होती.

"आज इथं कुणी साहेब नाही, कुणी मॅडम नाही," प्रशिक्षक अनिरुद्ध म्हणाला. तो तरतरीत होता, बूट पांढरे होते आणि चिखल त्याने बहुधा फोटोत पाहिला असावा. "फक्त पहिलं नाव! पद बाहेर ठेवायचं, माणूस आत आणायचा."

पहिल्या रांगेत रुचिराचे वरिष्ठ, घाडीगावकर साहेब, बसले होते. त्यांच्या छातीवर मोठ्या अक्षरांत 'सहदेव' लिहिलेलं होतं. मत्स्य खात्याच्या प्रितम तांडेलने धीर करून "गुड मॉर्निंग, सहदेव" म्हटलं आणि त्याच श्वासात "साहेब" जोडलं. साहेबांनी मान हलवली. पद आत आलं ते आलंच.

रुचिराचं लक्ष मात्र पर्समधल्या फोनकडे होतं. सकाळपासून मंजुळाताईंचे दोन कॉल येऊन गेले होते. मंजुळाताई म्हणजे मालाडच्या पश्चिमेला खाडीकाठी असलेल्या दांडेवाडीच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष. त्यांचा फोन कशासाठी असणार, हे रुचिराला न उचलताही ठाऊक होतं.

दांडेवाडीच्या खाडीत मागे एक पाइपलाइन टाकली होती. सामान नेण्यासाठी ठेकेदाराने खाडीच्या एका फाट्यावर मुरूम टाकून आडवा बांध घातला. काम संपलं, परवानगीची मुदत संपली, ठेकेदार गेला, बांध राहिला. बांधापलीकडच्या तिवरांना भरतीचं पाणी मिळेनासं झालं. आत अडकलेलं पाणी उन्हाने आटत गेलं आणि दर उन्हाळ्यात जास्त खारट होत गेलं. तिवराला मीठ सोसतं, पण समुद्रात असतं तेवढं. मिठागरात असतं तेवढं नाही. दोन उन्हाळे झाडांनी काढले. तिसरा निघणार नव्हता. दरम्यान बांधाचा रस्ता झाला होता, रस्त्याचा टेम्पो-तळ झाला होता, आणि टेम्पो-तळावर एका हात जोडलेल्या माणसाचा वाढदिवसाचा फलक लागला होता. वाढदिवस होऊन गेला तरी तो अजून हात जोडून उभा होता.

हा बांध काढायला कुणाचीच हरकत नव्हती. तीच तर अडचण होती. या खात्यांमध्ये 'करा' असं कुणी म्हणत नाही. 'आमची हरकत नाही' असं म्हणतात. 'करा' म्हटलं की ते काम आपल्या नावावर लागतं. 'हरकत नाही' म्हटलं की काम चांगलं झालं तर आपण त्यात होतो, आणि अंगाशी आलं तर आपण फक्त बाजूला उभे होतो. पालिकेच्या पर्जन्य जलवाहिनी विभागाचे कार्यकारी अभियंता नितेश धुरी यांची हरकत नव्हती. प्रितमच्या खात्याची हरकत नव्हती. घाडीगावकर साहेबांना विषय 'तत्त्वतः मान्य' होता. बैठका झाल्या, बिस्किटं संपली, आणि दर बैठकीच्या शेवटी सगळे अतिशय एकमताने उठून गेले.

आणि रुचिरा? ती जमीन कांदळवनाची, म्हणजे वन खात्यातल्या तिच्या विभागाची. मुदत संपलेला भराव काढण्याचा अधिकार तिचा. त्यासाठी कुणाच्या हरकत नसण्याची गरजच नव्हती. ती वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर, तिचा बहाणा इतरांपेक्षा सुशिक्षित होता. दर बैठकीत ती म्हणायची, "अजून एका हंगामाची क्षारतेची मोजमापं येऊ द्यात." पहिल्याच उन्हाळ्याची मोजमापं पुरेशी होती. पण 'पुरेशी आहेत' म्हटल्यावर पुढचं वाक्य आपल्यालाच बोलावं लागतं, हे तिला कळत होतं.

चहाच्या सुट्टीत तिने फोन लावला.

"मॅडम, हायत कुठं तुमी?" मंजुळाताई सुरुवातीलाच तापलेल्या होत्या. "पालिकेचा पोकलेन आलाय आमच्याकडं. तो पाण्यात तरंगतो तोच. वरचा नाला साफ केला त्यानं, आता बांधापाशी उभा हाय नुसता. उद्या दुपारला मुलुंडला नेतील म्हणतात. तुमचा काय ठरला का नाय?"

"मी बोलते, ताई. ते सगळे इथंच आहेत माझ्याबरोबर."

"सगले एकत्र? आनि काय करताव?"

"ट्रेनिंग आहे. सगळ्यांनी मिळून काम कसं करायचं त्याचं."

मंजुळाताई एवढंच म्हणाल्या, "शिका हो. शिका."

चहानंतर अनिरुद्धने रंगीत टोप्या वाटल्या. हिरवी वनाची, निळी पाण्याची, पिवळी माशांची, लाल नागरिकांची. नियम एकच: आपल्या खात्याची टोपी आपण घालायची नाही. "दुसऱ्याच्या भूमिकेत शिरा! त्यालाच सहानुभूती म्हणतात." नितेशच्या डोक्यावर हिरवी आली, रुचिराच्या निळी, घाडीगावकर साहेबांच्या पिवळी. प्रितम लाल टोपी घालून नागरिक झाला आणि लगेच तक्रारखोर चेहरा करून बसला.

मग अनिरुद्धने प्रसंग वाचून दाखवला. एका काल्पनिक शहरात 'मैत्री खाडी' नावाची खाडी आहे. तिच्यावर तात्पुरता घातलेला बांध काम संपल्यावरही तसाच आहे. मागची झाडं सुकताहेत, होड्या आत जात नाहीत, आणि बांधावर घोडागाड्यांचा तळ झाला आहे.

रुचिराने मान वर केली. हा मजकूर कुठल्यातरी बातमीतून उचललेला होता, हे उघड होतं. गावाचं नाव बदललं होतं, शहराचं नाव उडवलं होतं, आणि टेम्पोंच्या जागी घोडे जुंपले होते. तिने आजूबाजूला पाहिलं. नितेश टोपी कपाळावर नीट बसवत होता. प्रितम पाणी पीत होता. साहेब विचारमग्न होते. ओळखीची एक रेघ कुणाच्या चेहऱ्यावर नव्हती.

"जमीन कुणाची?" नितेशने हिरव्या टोपीखालून थेट सुरुवात केली. "माझी. परवानगीची मुदत संपली? संपली. मग चर्चा कसली करताय? घोडे हलवा, बांध काढा."

"घोडेवाल्यांच्या पोटाचं काय?" प्रितम लाल टोपी सावरत ओरडला.

"आदल्या दिवशी सांगू त्यांना. मैदानाला लागून जागा देऊ. मोर्चा आणतील? आणू देत. मी बोलतो त्यांच्याशी."

"आणि वरून फोन आला तर?" रुचिराने विचारलं. हे खेळात नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं.

"येऊ दे!" नितेश म्हणाला. "सांगेन, कायद्याने माझं काम आहे, केलं. तुम्ही मशीन देताय का, बोला."

"देते," निळी टोपी म्हणाली.

पिवळ्या टोपीतल्या घाडीगावकर साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "माशांच्या वतीनं मला एक विचारायचंय. झाडं मरताना दिसत असून वनवाल्यांनी इतका उशीर का लावला? झोपले होते का?"

सगळा हॉल हसला. साहेबही हसले, बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणाला तरी झापायला मिळालं होतं आणि त्याचा कागद होणार नव्हता.

वेळ मोजायला ठेवलेलं वाळूचं घड्याळ अजून अर्धंही रिकामं झालं नव्हतं. अनिरुद्धने घंटी वाजवली, फळ्यावर 'निर्णय झाला!' लिहिलं, त्याभोवती लाल मार्करने ढग काढला. टाळ्या झाल्या. टोप्यांसकट फोटो झाला. रुचिरा फोटोत शेवटी उभी होती आणि नितेशच्या डोक्यावरच्या हिरव्या टोपीकडे पाहत होती. तिचं पद एवढ्या सहजपणे, एवढ्या खणखणीत आवाजात निर्णय घेऊ शकतं हे ती पहिल्यांदाच बघत होती. फक्त त्याखाली डोकं दुसऱ्याचं होतं.

जेवणात पनीर, पुलाव आणि अंगठ्याएवढ्या ग्लासांतून सोलकढी होती. रुचिराने नितेशला सोलकढीपाशी गाठलं. दोघांचीही गावं मालवणाकडची, ओळख जुनी. चारचौघांत 'मॅडम' आणि एकटं असलं की 'गो'.

"नितेश, ते दांडेवाडी होतं."

"कुठलं?"

"घोडागाड्यांचं."

"दांडेवाडीत घोडे खय आसत गो?" त्याने दुसरा ग्लास उचलला.

"उगाच येड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. तुझं पोकलेन बांधाला लागून उभं आहे. उद्या दुपारपर्यंत आहे. थांबव त्याला."

"थांबवतो की. तुम्ही तसं सांगा. आमची हरकत नाही, हे आम्ही मागेच कळवलंय."

"सकाळी तर माझ्या वतीनं तू एका दमात सांगून टाकलंस. फोन आला तरी घाबरणार नव्हतास."

नितेश हसला, मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "तेवा मी तू होतंय ना गो! दुसऱ्याच्या खुर्चीत बसून निर्णय घ्यायला काय लागतं? माझ्या खुर्चीत मला घाम फुटतो, तुझ्या खुर्चीत तुला. तो फलकावरचा माणूस कुणाचा कोण आहे, माहीत आहे ना? तू सांगितलंस तर मशीन देईन, शब्द आहे. पण 'कुणी सांगितलं' असं विचारलं तर मी तुझं नाव घेणार. हेही आत्ताच सांगून ठेवतो."

हे निदान खरं होतं. दिवसभरात त्या हॉलमध्ये बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं आणि ते सोलकढीपाशी बोललं गेलं.

घाडीगावकर साहेब गुलाबजाम खात होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"हे बघ रुचिरा, अधिकार तुझा आहे. मनात आणलंस तर आजही काढशील. पण एकटीनं केलंस तर काय संदेश जातो? आपण इथं सहकार्य शिकायला आलोय." त्यांनी पाकातला गुलाबजाम हलकेच उलटा केला. "आणि एक लक्षात घे. नव्या समन्वय कक्षाच्या प्रमुखपदासाठी तुझं नाव वर गेलंय. उद्या समारोपाला मुख्यालयातून माणसं येतायत. नेमकं तिथं काही काढू नकोस. पुढच्या बैठकीत घेऊ ना. तत्त्वतः मान्य आहेच."

"झाडं तत्त्वतः जगत नाहीत, साहेब."

"छान आहे हे," साहेब मनापासून म्हणाले. "अहवालाच्या प्रस्तावनेत घाल."

संध्याकाळी सत्र संपल्यावर ती घरी मुलुंडला न जाता रिक्षा करून दांडेवाडीला गेली. ऊन उतरत होतं. बांधावर टेम्पो ओळीने उभे होते. एकाच्या हौद्यात ड्रायव्हर आडवा पडून मोबाइल बघत होता. त्यांच्यापुढे पिवळं पोकलेन आपला लांब हात दुमडून पाण्यावर बसलं होतं. बांधाच्या अलीकडे खाडीला भरती लागली होती. पाणी मुरुमापर्यंत येत होतं, थडकत होतं आणि तिथंच फेस सोडून थांबत होतं. पलीकडे चिखल तडकला होता. चिखलातून वर आलेली तिवरांची श्वसनमुळं मिठाने पांढरी पडून पेन्सिलींसारखी उभी होती. निम्म्या झाडांवर पान नव्हतं.

ती बांधावरून खाली उतरली. पहिल्या झाडाची साल नखाने खरवडली. आत तपकिरी, कोरडं. दुसऱ्याचीही तशीच. तिसऱ्या झाडाला पान एकही नव्हतं. पण साल खरवडली तशी आतून ओलसर हिरवी रेघ उघडी पडली. त्याच्या पुढच्या झाडालाही. त्याच्या पुढच्यालाही.

"काय मॅडम, झाला का शिकून?" मंजुळाताई कंबरेला पदर खोचून वर बांधावर उभ्या होत्या.

"अर्धं झालं. अर्धं उद्या आहे."

"मग काय शिकलाव?"

रुचिराला टोप्या आठवल्या. "दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करायला."

"बरा हाय," मंजुळाताई म्हणाल्या. "सगले दुसऱ्याचे जागी गेलं, तर तुमचे जागी कोन हाय? आमी कुनाला फोन करावा?"

रुचिरा नखात अडकलेली साल काढत राहिली.

"आमच्या होड्या दुसरीकडनं फिरून जातील गो," मंजुळाताईंचा आवाज जरा खाली आला. "आमी काय, बोंबलून बोंबलून गप बसू. तुमी नाय म्हना. एकदा नाय म्हना नि मोकल्या व्हा. हो पन नाय नि नाय पन नाय, असा किती दिवस ठेवाल?"

दुसऱ्या दिवशी समारोपाला मुख्यालयातली माणसं आली आणि पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या अभ्र्यांच्या खुर्च्यांत बसली. अनिरुद्धने सगळ्या प्रशिक्षणार्थींना गोल उभं केलं आणि हातात सुतळीचा मोठा गुंडा घेतला. ताग होता, पर्यावरणस्नेही असल्याचं त्याने दोनदा सांगितलं. ज्याच्या हातात गुंडा येईल त्याने एक निश्चय बोलायचा, सुतळीचं टोक धरून ठेवायचं आणि गुंडा समोरच्या कुणाकडे तरी टाकायचा. शेवटी मध्ये जाळं तयार होईल. ते जाळं म्हणजे सहकार्य.

"मी समन्वय वाढवीन," प्रितम म्हणाला आणि गुंडा टाकला.

"मी सर्व घटकांना बरोबर घेऊन चालेन," पाटबंधारे खात्याचे एक गृहस्थ म्हणाले.

"मी अधिक ऐकेन," घाडीगावकर साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

"मी संवादाची दारं उघडी ठेवीन," नितेश म्हणाला. त्याच्या खिशातला फोन वाजत होता. पोकलेनचा मुकादम असावा. त्याने रुचिराकडे पाहिलं, भुवया किंचित वर केल्या आणि गुंडा तिच्याकडे टाकला.

तिने तो दोन्ही हातांनी झेलला. गोलात एव्हाना सुतळी इतकी गुंतली होती की कुणाला पाऊल हलवता येत नव्हतं. मुख्यालयातल्या एका बाईंनी फोटोसाठी मोबाइल वर धरला. घाडीगावकर साहेबांनी तिच्याकडे बघून हलकेच मान डोलावली. त्या डोलावण्यात समन्वय कक्षाची अख्खी केबिन होती, खिडकीसह.

तिने सकाळी एक वाक्य तयार करून आणलं होतं. 'मी निर्णयप्रक्रियेला गती देईन.' वाक्य बरं होतं. त्यात कुणाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, दिवस नव्हता. ते तिच्या जिभेवर आलं आणि तिला त्याची चव कळली. अशी वाक्यं ती गेले दोन उन्हाळे बोलत आली होती.

"बोला, रुचिरा," अनिरुद्ध उत्साहाने म्हणाला. "एकच निश्चय. छोटासा चालेल."

"छोटासाच आहे," ती म्हणाली. "नितेश, तुझा फोन वाजतोय तो उचल आणि पोकलेन मुलुंडला पाठवू नकोस म्हणून सांग. प्रितम, सोसायटीला कळव, होड्या आज फाट्याच्या तोंडाशी ठेवू नका, पाणी जोरात आत जाईल. टेम्पोवाल्यांना गाड्या काढायला सांगायला मी आत्ता माझी माणसं पाठवते."

साहेबांच्या हातातली सुतळी ताणली गेली. "रुचिरा, हा विषय आपण पुढच्या बैठकीत..."

"नको, साहेब. बैठकीला माझी हरकत नाही, पण आता तिची गरज नाही." तिने गुंडा कुणाकडेही टाकला नाही. "दांडेवाडीचा बांध मी आज काढते आहे. 'कुणी सांगितलं' असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा. मी सांगितलं."